हौदाचे गणित

पहिल्या पानावर अग्रलेख छापण्याचा प्रसंग आम्ही सहसा येऊ देत नाही. युद्ध, महापूर, एखाद्या थोर पुरुषाचे निधन अशा वेळीच ही जागा आम्ही घेतो, आणि ती घेताना दुसऱ्या कोणत्या तरी बातमीला बाजूला सारीत आहोत याची जाणीव ठेवतो. आज यांपैकी काहीही घडलेले नाही. जे घडते आहे ते रोज घडते आहे. आणि जे रोज घडते त्याची बातमी होत नाही, म्हणूनच ते येथे सांगणे आम्हांला प्राप्त झाले आहे. मुंबई शहर दररोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी, बहुतांशी शंभर किलोमीटर आणि त्याहूनही दूरच्या डोंगरांतून, आणते. ते एकदा वापरते. आणि त्यातला फार मोठा भाग समुद्राला अर्पण करून मोकळे होते. एवढे झाल्यावर पाणी पुरत नाही अशी ओरड सुरू होते, आणि ज्या समुद्रात ते ओतले त्याच समुद्राचे पाणी गोडे करून पिण्याची योजना मोठ्या उत्साहाने मांडली जाते.

आमच्या उमेदीची काही वर्षे शाळेत गणित आणि मराठी शिकविण्यात गेली. त्या काळच्या अंकगणितात हौदाचे एक उदाहरण हमखास असे. एक नळ हौद अमुक तासांत भरतो, दुसरा तो तमुक तासांत रिकामा करतो. दोन्ही एकदम सोडले तर हौद केव्हा भरेल? वर्गातला एखादा भाबडा मुलगा दर वर्षी उभा राहून विचारी, ‘‘पण गुरुजी, खालचा नळ बंद का करायचा नाही?’’ वर्ग हसे, आम्हीही हसत असू, आणि ‘‘उदाहरणात तसे दिलेले नाही’’ असे सांगून त्याला खाली बसवीत असू. आज इतक्या वर्षांनी आम्हांला त्या मुलाची क्षमा मागावीशी वाटते. साऱ्या वर्गात खरा प्रश्न त्यालाच पडला होता.

मुंबईच्या पाण्याचा इतिहास म्हणजे वरचे नळ वाढवीत जाण्याचा इतिहास होय. १८६० साली विहार तलाव झाला. तो पुरेना म्हणून १८७९ साली तुळशी झाला, १८९२ साली तानसा आला. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर धरण बांधले गेले आणि ते बांधण्यामागे ज्यांची दृष्टी होती त्या नगर अभियंता मोडक यांचे नाव त्या जलाशयाला मिळाले. मग अप्पर वैतरणा, मग भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. प्रत्येक धरणाच्या वेळी आता पुढची कित्येक वर्षे चिंता नाही असे सांगण्यात आले. प्रत्येक वेळी शहराने ती मुदत संपण्यापूर्वीच पाण्याचा तळ गाठला. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाळ्याच्या तोंडावर या महानगराला दहा टक्के पाणीकपात सोसावी लागली. मे महिन्यात सात तलावांच्या पातळीचे आकडे आपण शेअरबाजाराच्या भावांपेक्षाही उत्सुकतेने वाचतो आणि पहिल्या चार सरी कोसळल्या की विसरून जातो. आकाशाकडे पाहून राज्यकारभार करण्याची ही रीत पूर्वीच्या राजेरजवाड्यांना शोभली असती. अब्जावधी रुपयांचे अंदाजपत्रक मांडणाऱ्या नगरीला ती शोभत नाही.

हे पाणी येते कोठून, हेही एकदा नीट डोळ्यांपुढे आणले पाहिजे. तानसा आणि भातसा या दोन्ही धरणांचे पाणी ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातून येते. त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात, आणि स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन कोरड्या विहिरींच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरताना दिसतात. मुंबईकडे जाणारी, माणूस उभा मावेल एवढ्या व्यासाची जलवाहिनी त्यांच्या गावाजवळून जाते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण कोणा कवीने कल्पनेने रचलेली नाही. ज्या पाण्यावर त्यांचा पहिला हक्क होता ते आपण आणतो, त्याने मोटारी धुतो, आणि मग ते गटारात सोडून देतो. हा केवळ अव्यवस्थेचा प्रश्न नाही. तो नीतीचाही आहे.

आता खालच्या नळाकडे वळू. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. न्हाणीघर, मोरी आणि संडास यांतून गेलेले हे पाणी म्हणजे काही विष नव्हे. त्यात नव्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग निखळ पाणीच असतो. उरलेल्या अत्यल्प भागासाठी आपण ते सगळे टाकून देतो. मुंबईत वर्षानुवर्षे या पाण्यातील कचरा आणि वाळू तेवढी काढून ते वरळी आणि वांद्रे येथून समुद्राच्या पोटात सुमारे साडेतीन किलोमीटर आत नेऊन सोडले गेले. उरलेले खाड्यांत गेले. जानेवारी २०२३ मध्ये वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड अशा सात ठिकाणच्या नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांच्या कामाचा आरंभ झाला. त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २४६ कोटी लिटर आहे. या कामाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु शुद्ध केलेले पाणी पुन्हा वापरण्याची व्यवस्था त्याच निर्धाराने उभी राहिली नाही, तर एवढा खर्च करून आपण फक्त अधिक स्वच्छ पाणी समुद्रात सोडू, इतकेच त्याचे फळ.

दुसरीकडे, मालाडच्या पश्चिमेस मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प योजिलेला आहे. त्याची क्षमता प्रारंभी दिवसाला २० कोटी लिटर आणि पुढे ४० कोटी लिटर अशी ठरविण्यात आली आहे. तिसरीकडे पालघर जिल्ह्यात गारगाई नदीवर नवे धरण बांधून ४४ कोटी लिटर पाणी आणण्याचा बेत आहे. त्यासाठी तानसा अभयारण्याच्या परिसरातील वनभूमी बुडणार आणि आदिवासींची घरे उठणार. आमचे हौदाचे गणित येथे मांडून पाहावे. सात केंद्रांच्या २४६ कोटी लिटर पाण्यापैकी केवळ एक तृतीयांश पुन्हा वापरावयाचे ठरविले तरी ते ८२ कोटी लिटर होते. शेवटच्या सूक्ष्म गाळणीत त्याचा पाचवा भाग वाया गेला असे धरले, तरी ६५ कोटींहून अधिक उरते. गारगाई आणि मनोरीचा पहिला टप्पा मिळून येणारे पाणी ६४ कोटी लिटर आहे. म्हणजे जे पाणी आज शहराच्या पायाखालून वाहते आहे, त्याच्या एक तृतीयांशातून एक धरण आणि एक समुद्रप्रकल्प यांच्याइतके पाणी निघते. त्यासाठी एकही झाड पाडावे लागत नाही आणि एकही पाडा उठवावा लागत नाही.

यावर असा प्रश्न येईल की, समुद्र तर अथांग आहे, मग त्याचे पाणी घेण्यात काय वाईट? वाईट काही नाही. ते महाग मात्र आहे, आणि ते महाग का, हे समजून घेतले पाहिजे. एका लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. ते वेगळे करण्याची आजची प्रचलित रीत म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी दाबाने पलीकडे ढकलणे, म्हणजे व्युत्क्रम परासरण. या कामी उपयोगी पडणारा पडदा १९६०च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोन शास्त्रज्ञांनी तयार केला. त्यांपैकी सौरीराजन मूळचे भारतीय, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. समुद्राच्या पाण्याला त्या पडद्यापलीकडे नेण्यासाठी हवेच्या दाबाच्या साठ पटींच्या आसपास दाब द्यावा लागतो, आणि हा दाब विजेवाचून येत नाही. दर हजार लिटर गोड्या पाण्यामागे तीन ते चार युनिट वीज लागते. मनोरीच्या २० कोटी लिटरांसाठी याचा हिशेब रोज सहा ते आठ लक्ष युनिट होतो. सांडपाण्यात क्षार असतात ते समुद्रजलाच्या मानाने अगदीच थोडे. त्यामुळे दाब कमी लागतो आणि वीजही निम्म्याहून कमी पुरते. ज्या पडद्याने समुद्र गोडा होतो त्याच जातीच्या पडद्याने सांडपाणी निर्मळ होते. ओझे तेवढे हलके असते.

शिवाय समुद्रातून घेतलेले सगळेच पाणी गोडे होत नाही. निम्म्याहून काहीसे अधिक पाणी जवळजवळ दुप्पट खारे होऊन परत समुद्रात जाते. ते कोठे आणि कसे सोडावयाचे, याचा विचार नीट झाला नाही, तर मनोरी-गोराईच्या कोळीबांधवांच्या मासेमारीवर त्याचा भार पडेल. शहराची तहान भागविण्यासाठी एकदा शहापूरच्या आदिवासीने किंमत दिली. आता ती कोळ्याने द्यावी, असा न्याय आम्हांला मान्य नाही.

समुद्रप्रकल्पाच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सांडपाणी हे शेवटी पुरवठ्याच्या पाण्यावरच अवलंबून असते. तलाव आटले तर नळ आटेल, आणि नळ आटला तर गटारही आटेल. समुद्र मात्र पावसाची वाट पाहत नाही. लागोपाठ दोन पावसाळे हुकले, तर ज्याच्यावर विसंबता येईल असा साठा तोच एक. म्हणून आमचा समुद्रप्रकल्पाला विरोध नाही. विमा उतरविणे शहाणपणाचे असते. पण घराचे दार सताड उघडे टाकून चोरीचा विमा उतरविणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही.

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, या शहराने हा धडा महागात घेतला. तेथे मिंजूर येथे २०१० साली आणि नेम्मेली येथे २०१३ साली प्रत्येकी १० कोटी लिटरांचे समुद्रप्रकल्प सुरू झाले. तरीही २०१९च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारे जलाशय आटले, आणि जोलारपेट्टईहून आगगाडीने पाणी आणण्याची पाळी आली. त्याच वर्षी त्या शहराने सांडपाणी अत्यंत शुद्ध करून कारखान्यांना देणारी केंद्रेही चालू केली, आणि २०२४ साली नेम्मेली येथे आणखी १५ कोटी लिटरांचा प्रकल्प उभा राहिला. समुद्र आणि सांडपाणी या दोहोंची सांगड घातल्याखेरीज निभाव लागत नाही, हे त्या शहराला तहानेने शिकविले. आपल्या महाराष्ट्रालाही आगगाडीच्या पाण्याची ओळख आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली तेव्हा आपण सारे हळहळलो होतो. त्या हळहळीतून आपण काय शिकलो, हा प्रश्न मात्र कोणी कोणाला विचारला नाही.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागपूरने या बाबतीत मुंबईला वाट दाखविली आहे. तेथील भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध झालेले दिवसाला १३ कोटी लिटर सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला देण्याची योजना गेल्या दशकात साकार झाली. बाष्पयंत्रे थंड करण्यासाठी जे पेंच धरणाचे पाणी लागत असे, ते त्या प्रमाणात माणसांसाठी मोकळे झाले. मुंबईतही चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या खत कारखान्याने शहराचे सांडपाणी घेऊन ते शुद्ध करून वापरण्याची वाट कित्येक वर्षांपूर्वीच धरली. केंद्र सरकारच्या २०१६च्या वीजदरविषयक धोरणानेही, नगरपालिकेच्या मलजल केंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आतील औष्णिक वीजकेंद्रांनी शुद्ध केलेले सांडपाणीच वापरावे, असे बंधन घातले. तेव्हा विद्या आहे, अनुभव आहे, आणि काही प्रमाणात कायदाही आहे. मग अडते कोठे?

अडते दोन ठिकाणी. पहिली अडचण हिशेबाची. धरणाचे पाणी आपल्याला फार स्वस्त पडते, असे आपण समजतो. कारण बुडालेल्या जंगलाची, उठलेल्या पाड्यांची आणि तहानलेल्या शहापूरची किंमत आपल्या पाणीपट्टीत कधी धरलेलीच नसते. जोवर पिण्याचे उत्तम पाणी बागेला, बांधकामाला आणि रेल्वेचे डबे धुण्याला स्वस्तात मिळते आहे, तोवर शुद्ध केलेले सांडपाणी विकत घेण्यास कोण पुढे येणार? शहरात येणाऱ्या पाण्याचा सुमारे पाव हिस्सा गळती आणि चोरी यांत जातो, हेही वर्षानुवर्षे ऐकिवात आहे. हौदाच्या भिंतीलाच भोक असताना नवा नळ बसविण्याची घाई करणे याला नियोजन म्हणता येत नाही.

दुसरी अडचण मनाची. आणि येथे आम्ही आमच्या वाचकवर्गाशी, म्हणजे आपल्यासारख्याच सुशिक्षित पांढरपेशा कुटुंबांशी, थोडे स्पष्ट बोलू इच्छितो. सांडपाणी पुन्हा वापरावयाचे म्हटले की आपले नाक मुरडते. सोवळे-ओवळे आपण स्वयंपाकघरातून घालविले असे म्हणतो, पण ते न्हाणीघराच्या मोरीत जाऊन बसले आहे. वास्तविक नदीकाठच्या प्रत्येक गावाने वरच्या गावाचे पाणीच प्यावयाचे, हा आपल्या देशाचा शतकानुशतकांचा नियम आहे. वरच्या गावाने काय सोडले, ते कोणी तपासले नाही, एवढाच फरक. जे पाणी यंत्राने गाळून, तपासून आणि मोजून मिळते ते अपवित्र, आणि जे न तपासता येते ते गंगाजल, या समजुतीला धर्म म्हणावे की आळस, ते वाचकांनीच ठरवावे.

ही शिसारी आपलीच आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियातील टुवूंबा या शहरात २००६ साली भीषण दुष्काळातही नागरिकांनी मतदान करून अशी योजना फेटाळली. याउलट नामिबियाची राजधानी विंडहुक १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळते आहे. सिंगापूरने २००२ साली असे पाणी बाटल्यांत भरून लोकांपुढे ठेवले, आणि पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी ते स्वतः सर्वांसमक्ष प्याले. आज त्या पाण्याचा मोठा भाग कारखाने आणि थंडाव्याची यंत्रे यांच्या कामी येतो. तिघांच्या विद्येत फारसा फरक नव्हता. फरक पडला तो लोकांना आधी विश्वासात घेतले की नाही, यामुळे. आणि विश्वास व्याख्यानाने मिळत नाही. तो तपासणीचे आकडे रोज उघड केल्याने मिळतो.

हे पाणी मुंबईकरांनी उद्यापासून प्यावे, असे आमचे म्हणणे नाही. पिण्याच्या आधी शंभर कामे आहेत. कारखान्यांतील वाफ, कार्यालयांतील वातानुकूलन, रेल्वेची आवारे, उद्याने, रस्त्यांची धुलाई, बांधकामे, आणि नव्या इमारतींतील संडास यांना पिण्याच्या पाण्याची गरज नाही. या सर्वांना शुद्ध केलेले सांडपाणी दिले, तर धरणांतले तेवढे पाणी आपोआप उरेल. म्हणून महापालिका आणि राज्य शासन यांच्याकडे आमच्या मागण्या अशा आहेत. सातही केंद्रांतून निघणाऱ्या पाण्यासाठी स्वतंत्र जलवाहिन्यांचा आराखडा केंद्रांच्या बांधकामाबरोबरच पुरा करावा. केंद्र आज आणि वाहिनी दहा वर्षांनी, असे होऊ नये. ज्या भागात हे पाणी पोहोचेल, तेथे कारखाने आणि बांधकामे यांना पिण्याचे पाणी देणे क्रमाने बंद करावे. कारखान्यांची रासायनिक घाण घरगुती सांडपाण्यात मिसळू देऊ नये, कारण ती मिसळली की सारा खेळ बिघडतो. प्रत्येक केंद्राच्या पाण्याची तपासणी रोज प्रसिद्ध करावी. तलावांच्या पातळीशेजारी ते आकडे छापण्यास आमचे पान मोकळे आहे. मनोरीचा प्रकल्प करावयाचाच तर खाऱ्या पाण्याच्या विल्हेवाटीचा अभ्यास कोळीवाड्यांपुढे आधी मांडावा, आणि वीज कोठून येणार तेही सांगावे. आणि हे सर्व करून पाहिल्याखेरीज गारगाईच्या जंगलावर कुऱ्हाड उचलू नये.

शेवटची मागणी आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. पुनर्वापराने जे पाणी वाचेल, त्याचा पहिला वाटा शहापूर, मोखाडा आणि वाडा या तालुक्यांतील पाड्यांना नळाने द्यावा. त्यांची गरज शहराच्या मानाने इतकी थोडी आहे की ती भागविल्याने मुंबईच्या हौदाची पातळी बोटभरही खाली येणार नाही. ज्यांच्या दारावरून आपण पाणी आणले, त्यांच्या दारी ते पोहोचविणे म्हणजे दान नव्हे. तो परतफेडीचा पहिला हप्ता आहे.

आणि नागरिकांनी काय करावे? नव्या इमारतींत सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसविलेले असते. परवाना मिळाला की वीजबिलाच्या भीतीने ते बंद पडते आणि त्या खोलीत सायकली ठेवल्या जातात, असे एकाहून अधिक ठिकाणी आम्ही स्वतः पाहिले आहे. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगाऱ्याच्या निविदेआधी हा विषय घ्यावा. उद्या शुद्ध केलेल्या सांडपाण्याची वाहिनी आपल्या गल्लीत आली, तर ‘आमच्या इमारतीत नको’ असे म्हणणारा पहिला अर्ज आपल्या सहीचा नसावा. शासनाकडून धैर्याची अपेक्षा करणाऱ्याने थोडे स्वतःजवळही बाळगावे.

अंकगणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर उत्तरे छापलेली असत, आणि चतुर मुले आधी तीच उघडीत. पाण्याच्या या उदाहरणाचे उत्तर कोठे छापलेले नाही. मात्र उदाहरण मांडायचे कसे, हे आता आपल्याला कळले आहे. ‘‘खालचा नळ बंद का करायचा नाही?’’ असे त्या मुलाने विचारले होते. त्या वेळी आम्ही त्याला खाली बसविले. मुंबईने आता त्याला पुन्हा उभे करावे, आणि पुढचा नवा नळ मंजूर करण्यापूर्वी त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.